घरी कच्चे चॉकलेट तयार करण्याची रीत

कच्चे चॉकलेट म्हणजे न भाजलेल्या कोको बियांपासून, सर्व प्रक्रिया कमी तापमानात करून तयार केलेले चॉकलेट. नेहमीच्या चॉकलेटसाठी बिया साधारणपणे १२० ते १५० अंश सेल्सिअस तापमानावर भाजतात. कच्च्या चॉकलेटचे उत्पादक मात्र कोणत्याही टप्प्यावर तापमान ४२ ते ४८ अंशांच्या वर जाऊ न देण्याचा प्रयत्न करतात. ‘कच्चे’ या शब्दाची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नसल्यामुळे ही मर्यादा उत्पादकागणिक थोडी बदलते. शिवाय फळातून काढलेल्या बिया पाच ते सात दिवस ढिगात आंबवतात, तेव्हा आंबण्याच्या क्रियेनेच ढिगाचे तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत चढते. काही उत्पादक त्यासाठी न आंबवलेल्या बिया वापरतात, पण आंबवल्याशिवाय बीमध्ये चॉकलेटच्या चवीचा पाया तयार होत नाही आणि तुरटपणा फार राहतो. म्हणून आंबवलेल्या पण न भाजलेल्या बियांचे चॉकलेट हाच अर्थ मी येथे धरला आहे.

हे चॉकलेट आरोग्यदायी कशामुळे ठरते, हे आधी स्पष्ट करून घ्यावे, कारण साहित्याची निवड त्यावरच अवलंबून आहे. कोकोमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची संयुगे असतात. रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकवण्यासाठी दररोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल उपयोगी पडतात, हे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मान्य केले. मात्र त्याहून मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. अमेरिकेतील ‘कॉसमॉस’ या चाचणीत २१,००० हून अधिक वयस्क व्यक्तींचा समावेश होता आणि त्यांच्यापैकी एका गटाला दररोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल देण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय घट दिसली नाही; हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र त्या गटात कमी आढळले. शिवाय त्या चाचणीत गोळ्यांमधून कोकोचा अर्क दिला होता, चॉकलेट नव्हे.

भाजण्याने फ्लॅव्हनॉल काही प्रमाणात घटतात हे खरे, पण त्याहून कितीतरी अधिक हानी अल्कलीच्या प्रक्रियेने होते. कोकोचा आंबटपणा घालवून रंग गडद करण्यासाठी पुष्कळशा कोको पावडरवर ही प्रक्रिया केलेली असते. त्यामुळे ‘कच्ची’ असे लिहिलेली पावडर मिळाली नाही तरी चालेल, पण अल्कली प्रक्रिया केलेली पावडर टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाकिटावरील घटकांच्या यादीत अल्कलीचा किंवा आम्लता नियंत्रकाचा उल्लेख असेल तर ती पावडर या कामासाठी घेऊ नये. प्रक्रिया न केलेली पावडर फिकट तांबूस तपकिरी दिसते आणि चवीला आंबटसर लागते. घरी चॉकलेट करण्याचा खरा लाभ दुसऱ्याच ठिकाणी आहे: त्यात साखर किती घालायची हे आपण ठरवतो, आणि दूध पावडर, स्वस्त वनस्पती तेले, कृत्रिम सुगंध यांपैकी काहीही त्यात येत नाही.

आता सुरक्षिततेविषयी. भाजण्यामुळे केवळ चव तयार होत नाही, तर बियांवरील जंतूही मरतात. बिया उघड्यावर आंबवल्या आणि वाळवल्या जात असल्याने त्यांच्या सालीवर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. चॉकलेटमध्ये पाणी फार कमी असल्याने ते वाढत नाहीत, पण स्निग्धांशाच्या आवरणात महिनोन्महिने जिवंत राहू शकतात, आणि ४२ अंशांची ऊब त्यांना मारण्यास पुरेशी नसते. त्यामुळे गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध व्यक्ती आणि ज्यांची रोगप्रतिकारशक्ती कमी झाली आहे अशा सर्वांसाठी हीच कृती भाजलेल्या कोकोपासून करावी. कृतीत कोणताही बदल करावा लागत नाही आणि चॉकलेट उलट अधिक रुचकर लागते. इतरांनीही जंतुपरीक्षण केलेला, बंद पाकिटातील मालच घ्यावा. कोकोच्या झाडाने जमिनीतून शोषलेले कॅडमियम बियांत उतरते, हा दुसरा प्रश्न आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१९ पासून चॉकलेट आणि कोको पावडरमधील कॅडमियमवर मर्यादा घातली आहे, म्हणून जो उत्पादक जड धातूंच्या तपासणीचा अहवाल देतो, त्याला प्राधान्य द्यावे.

साहित्य

पुढील प्रमाणात सुमारे २४० ग्रॅम चॉकलेट, म्हणजे १० ग्रॅमच्या २४ वड्या होतात: कोको बटर (कोको बियांतून काढलेला स्निग्धांश) १०० ग्रॅम, कोको पावडर ९० ग्रॅम, दळलेली साखर ५० ग्रॅम, चिमूटभर बारीक मीठ आणि आवडत असल्यास व्हॅनिलाच्या शेंगेची पूड. या प्रमाणात कोकोचा अंश ७९ टक्क्यांच्या आसपास येतो आणि एका वडीत साखर सुमारे दोन ग्रॅम असते. ज्यांना इतका कडवटपणा रुचत नाही त्यांनी पहिल्या वेळी साखर ७० ग्रॅम घ्यावी आणि पुढील प्रत्येक वेळी दहा ग्रॅमने कमी करत जावी. जिभेला सवय होण्यास फार दिवस लागत नाहीत.

कच्ची कोको पेस्ट, म्हणजे सोललेल्या बिया दळून तयार झालेला लगदा, मिळत असेल तर १५० ग्रॅम पेस्ट, ४० ग्रॅम कोको बटर आणि ५० ग्रॅम साखर असे प्रमाण घ्यावे. बियांतील निम्म्याहून किंचित अधिक भाग स्निग्धांशाचाच असल्याने वेगळे कोको बटर येथे कमी पुरते, आणि बीचा संपूर्ण अंश एकत्र राहिल्यामुळे चव अधिक भरीव लागते. माझी स्वतःची पसंती पेस्टलाच आहे. थेट बियांपासून सुरुवात करणे शक्य आहे, पण बिया निवडणे, साल काढणे आणि दगडी पाट्याच्या यंत्रात कित्येक तास दळणे हे वेगळेच काम आहे. शिवाय अशा यंत्रात घर्षणाने तापमान सहज ५० अंशांवर जाते आणि ते सतत मोजत राहावे लागते. पहिल्या काही प्रयत्नांसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही.

उपकरणांपैकी दोन गोष्टींच्या बाबतीत तडजोड करू नये. एक म्हणजे एका अंशाचा फरक दाखवणारा डिजिटल तापमापक आणि दुसरी म्हणजे वजनकाटा. वाटीच्या किंवा चमच्याच्या मापाने कोको पावडर मोजल्यास दाबून भरली की मोकळी यावर वजन बदलते, आणि चॉकलेट एकदा घट्ट तर एकदा पातळ होते. बाकी काचेचा किंवा स्टीलचा रुंद वाडगा, त्याखाली बसेल असे पातेले, रबरी उलथणे आणि साचे एवढे पुरते.

गोडीसाठी काय घ्यावे

या एका प्रश्नावर बहुतेकांचे चॉकलेट बिघडते, म्हणून तो थोड्या विस्ताराने मांडतो. आरोग्यासाठी साखरेऐवजी मध घालावा असे सर्वांनाच वाटते. मीही पहिल्या वेळी वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन मोठे चमचे मध ओतला, आणि पाहता पाहता तकतकीत, वाहते मिश्रण चिखलासारखे घट्ट होऊन त्यातून तूप सुटावे तसे कोको बटर सुटले. कारण अगदी साधे आहे. चॉकलेट म्हणजे स्निग्धांशात तरंगणारे कोको आणि साखरेचे कोरडे कण. मधात १७ ते १८ टक्के पाणी असते. ते पाणी साखरेच्या आणि कोकोच्या कणांना चिकटते, ओले कण एकमेकांना बिलगून गोळे होतात आणि स्निग्धांश बाहेर फेकला जातो. मेपल सिरप आणि खजुराचा पाक यांत तर पाणी मधाहूनही अधिक असते. मध वापरायचाच असेल तर चॉकलेटऐवजी ट्रफल, म्हणजे चॉकलेटचे मऊ गोळे करावेत, कारण त्यात हा घट्टपणाच हवा असतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध कोणत्याही रूपात देऊ नये.

कोरडी साखर हाच योग्य मार्ग आहे. नारळाच्या झाडाच्या रसापासून केलेल्या साखरेची चव कच्च्या कोकोशी फार छान जुळते, तिला किंचित करपलेल्या गोडीचा स्वाद असतो. परंतु तीही प्रामुख्याने सुक्रोजच आहे आणि शरीराला ती साखरेहून फारशी वेगळी नाही, हे मनात ठेवूनच तिचे प्रमाण ठरवावे. खजूर पूर्ण वाळवून केलेल्या पुडीत तंतुमय अंश असतो, मात्र ती हवेतील ओलावा झपाट्याने शोषते आणि चॉकलेट भरड लागते. एरिथ्रिटॉल हा साखरेचा पर्याय वापरल्यास जिभेवर थंडावा जाणवतो, जो काहींना खटकतो. स्टीव्हिया, म्हणजे एका वनस्पतीच्या पानांतील अतिगोड अर्क, अत्यल्प लागत असल्याने साखरेचे घनमान त्यातून भरून निघत नाही, म्हणून तो घालताना कोको बटर २० ते २५ ग्रॅमने कमी करावे.

साखर स्निग्धांशात विरघळत नाही. कितीही वेळ ढवळले तरी दाणा दाणाच राहतो. जिभेला साधारणपणे ३० मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण खरखरीत जाणवतो आणि उत्तम चॉकलेटमधील कण १५ ते २५ मायक्रॉनचे असतात. घरच्या मिक्सरमध्ये इतकी बारीक साखर होत नाही, पण जितके जवळ जाता येईल तितके जावे. साखर कोरड्या भांड्यात थोडी थोडी दळून वस्त्रगाळ करावी आणि वर राहिलेली भरड पुन्हा दळावी. नंतर हीच साखर कोको पावडरमध्ये मिसळून दोन्ही एकत्र पुन्हा एकदा फिरवावीत. मिक्सर सलग चालवू नये, भांडे तापले की थांबावे.

वितळवणे आणि मिसळणे

काम सुरू करण्यापूर्वी वाडगा, उलथणे, साचे आणि स्वतःचे हात पूर्णपणे कोरडे करावेत. पातेल्यात दोन-तीन बोटे पाणी घेऊन ते हाताला चांगले गरम लागेल इतके, म्हणजे ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवावे आणि आच बंद करावी. त्यावर वाडगा असा ठेवावा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही आणि त्याची कड पातेल्याच्या बाहेर येईल, कारण बाजूने वर येणारी वाफ चॉकलेटमध्ये उतरली तर मधाने होते तेच नुकसान होते. कोको बटर किसून किंवा बारीक तुकडे करून घातल्यास ते लवकर आणि सारखे वितळते. ३४ ते ३८ अंशांच्या दरम्यान ते पूर्ण पातळ होते.

कोको बटर पारदर्शक पिवळे झाले की कोको पावडर आणि साखरेचे मिश्रण चाळणीतून तीन-चार हप्त्यांत घालावे आणि प्रत्येक वेळी गुठळी राहणार नाही असे ढवळावे. मीठ आणि व्हॅनिलाची पूड शेवटी घालावी. व्हॅनिलाचा पातळ अर्क पाण्याचा अंश आणत असल्याने टाळलेला बरा. यानंतर मिश्रण ४२ अंशांवर १० ते १५ मिनिटे सावकाश ढवळत राहावे. न भाजलेल्या कोकोत आंबवण्याच्या वेळचे ॲसेटिक आम्ल बरेच उरलेले असते आणि नाकाला व्हिनेगरसारखा झणका येतो. उघड्या वाडग्यात ढवळल्याने त्यातील काही भाग उडून जातो. स्वित्झर्लंडमधील रोडॉल्फ लिंट याने १८७९ मध्ये शोधलेल्या ‘काँचिंग’ या प्रक्रियेत हेच काम यंत्राने दीर्घकाळ घोटून होते. घरी तितका परिणाम साधत नाही, पण फरक जाणवण्याइतका नक्कीच पडतो.

टेम्परिंग

येथपर्यंतचे मिश्रण तसेच साच्यात ओतून थंड केले तर चॉकलेट घट्ट होईल, पण हातात घेताच वितळेल, तोडल्यावर ‘टक्’ असा आवाज येणार नाही आणि काही दिवसांत त्यावर पांढरट डाग उमटतील. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारांनी जमू शकतात आणि प्रत्येक प्रकारचा वितळणबिंदू वेगळा असतो. आपल्याला हवा असतो पाचवा प्रकार, जो सुमारे ३४ अंशांवर वितळतो. म्हणजे खोलीत तो कडक राहतो आणि तोंडात विरघळतो. चौथा प्रकार २७-२८ अंशांच्या आसपासच वितळतो. पाचवा प्रकार अधिकाधिक आणि बाकीचे कमीत कमी राहतील अशा रीतीने तापमान खालीवर करणे, यालाच टेम्परिंग म्हणतात. कच्च्या चॉकलेटसाठीही ते करता येते, कारण त्याचे सर्व टप्पे ४५ अंशांच्या आतच असतात.

प्रथम सर्व मिश्रण ४२ अंशांवर पूर्ण पातळ असावे, म्हणजे जुने स्फटिक शिल्लक राहत नाहीत. मग वाडगा पातेल्यावरून उचलून त्याचा तळ लगेच फडक्याने पुसावा, आणि दुसऱ्या पसरट भांड्यातील साध्या गार पाण्यावर ठेवून सतत ढवळत तापमान २७ अंशांपर्यंत उतरवावे. बर्फाचे पाणी घेऊ नये, कारण त्याने कडेचा थर आधी गोठतो आणि मधला भाग गरमच राहतो. ढवळणे थांबवू नये. ढवळण्यानेच स्फटिकांची सुरुवात सर्वत्र सारखी होते. मिश्रण दाटसर होऊ लागले की वाडगा पुन्हा कोमट पाण्यावर काही सेकंद धरून तापमान ३१ अंशांवर आणावे, म्हणजे चौथ्या प्रकारचे स्फटिक वितळून जातात आणि पाचव्या प्रकारचे राहतात. चुकून तापमान ३४ अंशांच्या वर गेले तर हवे असलेले स्फटिकही नष्ट होतात आणि पुन्हा ४२ अंशांपासून सुरुवात करावी लागते. त्यात साहित्य वाया जात नाही, फक्त वेळ जातो.

पहिले चॉकलेट नीट जमले की पुढच्या वेळी याहून सोपा मार्ग उपलब्ध होतो. दुधाला विरजण लावावे तसे आधीच्या चांगल्या जमलेल्या चॉकलेटचे २५ ग्रॅम बारीक तुकडे करून ठेवावेत. नवे मिश्रण ४२ अंशांवरून उतरत ३४ अंशांवर आले की ते तुकडे त्यात घालून ढवळत ३१ अंशांपर्यंत यावे. तुकड्यांतील पाचव्या प्रकारचे स्फटिक बाकीच्या कोको बटरला आपल्यासारखे वळण लावतात. न विरघळलेला एखादा तुकडा शेवटी काढून घ्यावा.

ओतण्यापूर्वी परीक्षा करावी. सुरीच्या टोकावर थोडे चॉकलेट लावून खोलीच्या तापमानाला ठेवले असता पाच मिनिटांच्या आत ते चरे न पडता, मंद चमक येऊन सुकले पाहिजे. ही परीक्षा आणि पुढचे सारे काम २० ते २२ अंशांच्या खोलीत उत्तम होते. खोली २६ अंशांहून उष्ण असेल तर पहाटेची वेळ निवडावी, अन्यथा अचूक टेम्परिंग करूनही चॉकलेट जमणार नाही.

साच्यात भरणे

साचे कापसाने पुसून चकचकीत करावेत. साच्याची चमक चॉकलेटवर उतरते. चॉकलेट ओतल्यावर साचा ओट्यावर हलकेच आपटला की हवेचे बुडबुडे वर येतात. सुकामेवा, बिया किंवा पूर्ण निर्जलीकृत फळांचे तुकडे याच वेळी वर पसरावेत. भिजवलेला सुकामेवा वापरायचा असल्यास तो कुरकुरीत होईपर्यंत वाळवून घ्यावा. ताजी फळे अजिबात घालू नयेत, कारण त्यांतील पाण्यामुळे चॉकलेट बिघडते आणि त्यावर बुरशीही येऊ शकते.

साचे १० ते १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढावेत. नीट टेम्पर केलेले चॉकलेट जमताना किंचित आकसते, म्हणून साचा उलटा करताच वड्या आपोआप सुटतात. त्या चिकटून बसल्या तर टेम्परिंग साधलेले नाही असे समजावे. टेम्परिंगचा खटाटोप नको असेल तर कोको बटरचा एक चतुर्थांश भाग खोबरेल तेलाने बदलून वड्या कायम फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच वितळते आणि कोको बटरलाही मऊ करते, त्यामुळे त्या वड्या बाहेर टिकत नाहीत; चव चांगली लागते, पण त्यांना चॉकलेटचा कडकपणा येत नाही.

साठवण आणि सेवन

वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, १५ ते १८ अंशांवर, अंधाऱ्या आणि उग्र वास नसलेल्या जागी ठेवाव्यात, कारण कोको बटर आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेते. फ्रिजमध्येच ठेवावे लागत असेल तर डबा बाहेर काढल्यानंतर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. थंड वड्यांवर हवेतील बाष्प जमून साखर विरघळते आणि ती सुकली की खरखरीत पांढरा थर बसतो. बोटाने चोळल्यावर जो पांढरा थर वितळतो तो मात्र साखरेचा नसून वर आलेल्या कोको बटरचा असतो. दोन्ही प्रकारचे चॉकलेट खाण्यास अपायकारक नसते. कोको बटरचा थर आलेले चॉकलेट वितळवून पुन्हा टेम्पर करता येते. साखरेचा थर आलेले दुधात किंवा पाण्यात ढवळून पिण्यासाठी वापरावे.

एका वडीतून सुमारे ५५ ते ६० कॅलरी मिळतात आणि त्यांतील बहुतांश कोको बटरच्या असतात, त्यामुळे दिवसाला एक किंवा दोन वड्या पुरेशा समजाव्यात. कोकोत थिओब्रोमिन हे कॅफिनसारखे उत्तेजक द्रव्य आणि थोडे कॅफिन असते, म्हणून ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी ते संध्याकाळनंतर खाऊ नये. कोकोतील ऑक्झलेटमुळे मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्या पोहोचेबाहेर ठेवावा; थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि इतक्या गडद चॉकलेटचे थोडे तुकडेही त्याला विषारी ठरू शकतात. डबा भरतानाच सर्वांत चांगल्या जमलेल्या दोन-तीन वड्या वेगळ्या कागदात गुंडाळून बाजूला ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या खेपेचे विरजण तयार राहते.